अंगणातील शाळा

‘विद्या’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे पुस्तक व लेखणी उभी राहते. मुलांचे हात मातीने माखलेले दिसले, की घरची वडील माणसे विचारतात, “आज अभ्यास झाला नाही वाटते?” हाताने काही घडविणे म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुटी, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो आपल्या कृतीने खोटा ठरविणाऱ्या दोन शिक्षिकांची ही हकिकत आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्या बालशिक्षणाच्या कार्यात रमल्या. डॉ. मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीच्या विचारांचा त्या दोघांवर मोठा प्रभाव होता. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. एकावर एक रचावयाचे, क्रमाने लहान होत जाणारे दहा ठोकळे. बोट फिरवून ओळखावयाची खरखरीत कागदाची अक्षरे. अशी साधने त्यांनी योजिली होती. मूल नुसते ऐकून शिकत नाही. ते हाताळून शिकते, हे त्यांचे तत्त्व होते.

तत्त्व उत्तम खरे. पण ही साधने महाग होती. मग खेड्यातील गरिबांच्या मुलांनी काय करावे? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी कार्य आरंभिले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

परंतु गरिबांची मुले शाळेत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळीत बसे, तर कोणी गुरांमागे रानात जाई. तेव्हा ठरले, की मुले शाळेकडे येत नसतील, तर शाळेनेच मुलांकडे जावे. वस्तीतल्याच अंगणात शाळा भरू लागली. हीच अंगणवाडी! पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी चक्क कुरणातच शाळा भरली. तिला ‘कुरणशाळा’ हे नाव मिळाले.

आणि साधने? ती निसर्गाने मांडूनच ठेविली होती. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले व माती यांस मोल पडत नव्हते. लहान-मोठे शिंपले क्रमाने मांडताना जे ज्ञान होते, तेच त्या महागड्या ठोकळ्यांनी होते. तुम्हीही प्रयोग करून पाहा. चोवीस चिंचोके घ्या आणि त्यांच्या सारख्या ओळी लावा. सहा-सहांच्या चार, आठ-आठांच्या तीन, बारा-बारांच्या दोन ओळी होतील. आता त्यांतला एक चिंचोका काढून घ्या. उरलेल्या तेविसांची सरळ एकच रांग लागेल. सारख्या दोन, तीन किंवा चार ओळी काही केल्या जुळणार नाहीत. मूळसंख्या म्हणजे काय, ते हाताला अगोदर कळते आणि व्याख्या मागून येते.

या भागातील वारली लोकांच्या घरी लग्नाच्या वेळी स्त्रिया भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणसाचे धड होते. वर वर्तुळ काढले की मस्तक होते. ज्यांना जग अडाणी म्हणत होते, त्यांच्या भिंतींवर भूमिती नांदत होती.

ताराबाईंना १९६२ साली ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, भारत सरकारने बालविकासाची मोठी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. अनुताईंनी कोसबाडचे कार्य पुढे चालविले. १९८५ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

पुस्तकाची थोरवी याने कमी होत नाही. हाताने जे उमगले, ते टिकविण्यास पुस्तकच हवे. परंतु तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल, की ज्याला पाढे आठवत नाहीत. पण पोळ्याच्या दिवशी तो मातीचा बैल मात्र हुबेहूब घडवितो. त्याला ‘ढ’ म्हणून हिणवण्यापूर्वी त्याच्या बोटांकडे पाहा. बैलाची मान किती वळवावी, पाय किती जाड ठेवावे म्हणजे तो उभा राहील, हे सारे त्याने मनात मोजलेले असते. त्याच्याजवळ बसा, त्याच्याकडून बैल शिका आणि त्याला चिंचोक्यांवर पाढे शिकवा. दोघांचाही अभ्यास होईल.

स्वाध्याय

१. बोर्डीची गरीब मुले शाळेत का येत नव्हती? त्यावर कोणता उपाय योजिला गेला?
२. ‘त्यांच्या भिंतींवर भूमिती नांदत होती’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. छत्तीस चिंचोक्यांच्या सारख्या ओळी किती प्रकारे लावता येतात, ते मांडून पाहा व लिहा.
४. तुमच्या परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या पाच वस्तूंची नावे लिहा. प्रत्येकीपासून काय शिकता येईल, ते एकेका वाक्यात सांगा.