कंपनी आली त्या वर्षीची दहावी

आमची बॅच मार्च २०१० ची. आठवीत बसलो तेव्हा निघोज्याच्या शिवारात ज्वारी होती, कांदा होता. दहावीचा फॉर्म भरला तेव्हा त्याच शिवारात क्रेन उभ्या होत्या. मधल्या काळात, ३१ मार्च २००९ ला, फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. चाकण एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या त्या कारखान्याच्या पत्त्यात आमच्या गावाचं नाव आहे. पुढच्या वर्षी चौथ्या टप्प्यात, पुन्हा निघोज्याच्याच हद्दीत, महिंद्राचा कारखाना सुरू झाला. निघोजे, मोई, कुरुळी, महाळुंगे अशा गावांची पोरं आम्ही. हायस्कूलात जे शिकलो त्यातलं बरंचसं शाळेच्या फाटकाबाहेर शिकलो.

सध्या गेट-टुगेदर ठरतंय. ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘शाळेनं आपल्याला काय दिलं ते प्रत्येकानं चार ओळींत लिहा.’ सगळ्यांनी संस्कार, शिस्त, मैत्री लिहून हात जोडले. मला चार ओळींत जमेना. म्हणून हे.

१. बाक सातबाऱ्यावर ठरतो

मास्तरांच्या लेखी वर्गाचे दोन भाग होते, हुशार आणि ढ. आमच्या लेखी तीन होते. ज्यांची जमीन एमआयडीसीत गेली होती ते, ज्यांची जायची होती ते, आणि ज्यांची इथं कधी नव्हतीच ते.

‘बत्तीस-दोनची नोटीस’ हे शब्द मी पहिल्यांदा मधल्या सुट्टीत डबा खाताना ऐकले. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ मधलं हे कलम. जमीन घेण्याआधी खातेदाराला ‘तुमचं काय म्हणणं आहे’ असं विचारणारी नोटीस. नागरिकशास्त्रातली कलमं आम्ही घोकून विसरायचो, हे एक कलम मात्र न घोकता पाठ झालं. कुणाच्या घरी नोटीस आली, कुणाच्या यायचीय, कुणाच्या चुलत्यानं ती घ्यायलाच नकार दिला, सगळं वर्गाला माहीत असायचं. मुख्याध्यापकांच्याही आधी.

पैसे आले की आधी गाडी यायची. लायसन्सचं वय नाही, पण शाळेबाहेर पल्सर उभी. तिच्या शेजारी सरांची जुनी एम-एटी. त्या मुलांवर सरांचा हात उठायचा बंद झाला, ते बाकीच्यांनी लगेच ओळखलं. पुढं लोक ज्यांना ‘गुंठामंत्री’ म्हणायला लागले त्यातले काही आमच्याच बाकांवरचे. त्यांची चेष्टा मीही केली आहे, सगळेच करतात. पण ज्या घरात कुणी एकरकमी पैसा कधी पाहिलाच नव्हता, त्या घरात मुदत ठेव म्हणजे काय हे सांगायला कोण आलं होतं? आधी आले ते प्लॉटवाले आणि शोरूमवाले. आम्हाला गणितात चक्रवाढ व्याज होतं. उदाहरणात कायम कुणीतरी रामराव दहा हजार रुपये बँकेत ठेवायचे. एखाद्या तासाला रामरावांना बाजूला ठेवून गावातला एकरी भाव फळ्यावर मांडला असता, तर मागच्या बाकानंही वही उघडली असती.

२. भाडं आणायला पोराला पाठवू नये

हे आईबापांसाठी आहे. वर्गातला तिसरा भाग म्हणजे खोल्यांमधली पोरं. बीडची, लातूरची, बुलढाण्याची, जळगावची. नंतर नंतर बिहार, उत्तर प्रदेशचीही. जमीन गेलेल्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर पत्र्याच्या खोल्या काढल्या, दहा बाय दहाच्या, रांगेनं, टोकाला सगळ्यांत मिळून संडास. महिन्याच्या पाच तारखेला मालकाचा मुलगा भाडं आणायला जायचा आणि दार उघडायचा त्याच्याच बाकावरचा मित्र. आतून आईचा आवाज, ‘दहा तारखेला देते म्हणावं.’

दुसऱ्या दिवशी शाळेत दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. पण मैदानावर पहिली बॅटिंग कुणाची, प्रयोगवही कुणाची कुणी उतरवायची, हे न बोलता ठरलेलं असायचं. भाडेकरूच्या मुलाचं अक्षर चांगलं असेल तर त्याचे हाल विचारू नका.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक मिळेल त्या वाहनानं गावी निघून गेले आणि खोल्यांच्या रांगा कुलपांत गेल्या. खोल्यांच्या भाड्याच्या भरवशावर कर्ज काढलेली घरं होती, त्यांची झोप उडाली. भाडं वसूल करायला जाणारा आमचा एक वर्गमित्र तेव्हा आपल्या जुन्या बाकमित्राला बीडला रोज फोन करायचा. ‘कधी येतोस? भाड्याचं नंतर बघू.’ तो आला, पण दुसऱ्याच्या खोलीत. त्याला तिथं नळ आत मिळत होता.

३. ‘येणार’ म्हटलं की कुणासाठी येणार ते विचारावं

आमच्या वेळी पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगर भागात येणार होता. त्यावर आम्ही निबंध लिहिले, विमानांची चित्रं काढली, आणि धावपट्टी कुणाच्या वावरातून जाणार यावर भांडलोसुद्धा. २०१६ मध्ये जागा बदलून पुरंदरची ठरली. विमानतळाचं एक सोडा, त्यावर कुणी आयुष्य बेतलं नव्हतं.

नोकरीवर मात्र बेतलं होतं. घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं, ‘दारात कंपनी आलीय, पोरांची काळजी मिटली.’ हे ऐकून नववीतच पुस्तकं बाजूला ठेवलेली मुलं मला माहीत आहेत. कारखान्याच्या आतली उतरंड आम्हाला दहावीपर्यंत कुणी समजावून सांगितली नाही. ती या सगळ्या पट्ट्यात साधारण सारखीच असते. वर कायम कामगार, थोडे. त्यांच्या खाली अप्रेंटिस, मुदत संपली की बाहेर. २०१३ नंतर त्यात ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेचे ट्रेनी आले. आणि सगळ्यांत खाली ठेकेदाराची माणसं, ज्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव असतं. सगळे एकाच लाइनवर उभे राहतात, एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात, तसलेच सेफ्टी शूज घालतात. पगार वेगळा, आणि पुढच्या महिन्यात आपण इथं असू का, याचं उत्तर वेगळं. मी स्वतः डिप्लोमा करून एका वेंडर कंपनीत क्वालिटीला लागले, त्यामुळे हे रोज बघते.

विज्ञानाच्या सरांना ही उतरंड ठाऊक होती. त्यांचा भाऊ भोसरीत कामाला होता. निकाल लागल्यावर ते सायकलवरून घरोघर फिरले. ‘पंचावन्न टक्क्यांना सायन्सच्या मागं लागू नका. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनला फॉर्म भरा. मोरवाडीला नाहीतर औंधला.’ लोकांना राग यायचा. आयटीआय म्हणजे गरिबाच्या पोरानं करायचं, आमच्या घरात आता पैसा आहे, आमचा इंजिनिअर होणार. एका घरी सरांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांचं ऐकून फिटर झालेला एक जण आज मेंटेनन्सला आहे. रात्री दोनला लाइन बंद पडली की मॅनेजर त्यालाच फोन करतो, आणि तो दुसऱ्या रिंगला उचलत नाही, मुद्दाम.

४. नियम मध्येच बदलतात

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं एका शाळकरी मुलीचा बळी घेतला. देशातला तो पहिला. पुण्या-पिंपरीतल्या शाळा बंद झाल्या, आम्ही नाकाला रुमाल बांधून हिंडलो. मग फेब्रुवारी २०१० मध्ये, परीक्षा तोंडावर असताना, सरकारनं ‘बेस्ट फाइव्ह’ काढलं. सहापैकी चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे. जूनमध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा चालवून घेतलं. म्हणजे मार्कशीट हातात आणि टक्के किती ते कोर्ट सांगणार. ज्यांना गणितात कमी गुण होते ते देव पाण्यात घालून बसले होते.

तेव्हा आम्हाला वाटलं, आमच्यासारखी फरफट कुणाची झाली नसेल. मग २०२१ ची दहावी आली. परीक्षाच नाही आणि निकाल ९९.९५ टक्के. त्या पोरांना अजून नोकरीच्या मुलाखतीत ‘कोरोना बॅच का?’ असं विचारतात. मी मुलाखत घ्यायला बसते तेव्हा नाही विचारत.

५. सहीआधी वाचावं, बाईनं तर दोनदा

मोबदला वाटपाच्या सुमारास गावात आत्या यायच्या. एरवी राखीला, भाऊबिजेला येणाऱ्या आत्या मधल्याच एखाद्या मंगळवारी दारात. जेवणाला पुरणपोळी, नवी साडी, आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपनं सगळे राजगुरुनगरला, हक्कसोडपत्रावर सही करायला. संध्याकाळी घरात कौतुक, ‘आक्कानं एका शब्दानं काही मागितलं नाही.’ आम्ही मुली हे बघत होतो आणि आम्हालाही ते कौतुकाचंच वाटत होतं.

महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच झाली होती. ९ सप्टेंबर २००५ पासून तशीच दुरुस्ती देशभर लागू झाली. म्हणजे आमच्या नववीत तो देशभरचा कायदासुद्धा चांगला तीन वर्षांचा होता. वर्गात त्याचा उल्लेख झाल्याचं कुणाला आठवतं का, असं मी ग्रुपवर मुलींना विचारलं. एकीलाही आठवत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही.

हक्क सोडूच नये असं मी म्हणत नाही. माहेरचा उंबरा राहावा म्हणून समजून-उमजून सोडणाऱ्या बायका आहेत, आणि तो हिशेब वेडा नाही. सासरी काही बिनसलं तर जायला एक दार लागतं. पण काय सोडतोय त्याचा आकडा तरी माहीत हवा. आमच्या आत्यांना गट नंबरसुद्धा माहीत नव्हता. आता आम्हीच आत्या झालोय. माझ्यापुढं कागद आला तेव्हा तो मी घरी नेऊन वाचला. भाऊ काही दिवस बोलायचा बंद झाला, वहिनी मात्र हळूच म्हणाली, ‘ताई, मलाही माझ्या माहेरच्या कागदाचं विचारायचंय.’

६. खरंच कामाला आलेलं

शेकडेवारी. इंग्रजीच्या बाईंनी लिहून घेतलेला रजेचा अर्ज. आणि कवायतीत उन्हात तासभर न हलता उभं राहणं, पहिल्या शिफ्टला फार उपयोगी पडलं.

७. बॅच कुणाची, हे आधी ठरवावं

गेट-टुगेदरची यादी दहावीच्या निकालावरून केली होती. ती वाचताना कितीतरी चेहरे सापडेनात. आठवीत आमच्याबरोबर बांधकामावरच्या लोकांची पोरं होती. कारखान्यांच्या भिंती त्यांच्याच आईबापांनी उभ्या केल्या. शेड उभी राहिली, मुकादमानं दुसरी साइट घेतली, आणि पोरं गेली, काही तर दाखलाही न नेता. दोघींची नववीतच लग्नं झाली. एकाच्या वडिलांना हायवेवर कुरुळी फाट्याजवळ ट्रकनं उडवलं, तो दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर. तो अजून तिथंच आहे, टपरीचं हॉटेल झालंय, आणि आमच्यातले निम्मे त्याच्याकडे चहा पितात. यादीत त्याचं नाव नव्हतं.

मी म्हटलं, आठवीचं हजेरीपत्रक काढू. त्यावर जुंपली. ‘दहावीला बसलेच नाहीत ते बॅचचे कसे?’, ‘बोलावून त्यांना अवघडल्यासारखं होईल’, ‘वर्गणी कोण भरणार?’ यातला दुसरा मुद्दा खोटा नाही. जालन्यात सापडलेली एक जण फोनवर तेच म्हणाली, ‘मी नापाससुद्धा नाही झाले गं, मला काय म्हणून बोलावता?’ मी सांगितलं, आठवीत माझ्या शेजारी बसायचीस म्हणून. ती विचार करून कळवते म्हणाली.

हॉटेलवाल्यानं नाश्ता आपल्याकडून धरायला सांगितलाय. वर्गणी हजार रुपये ठरली होती, ती आम्ही ऐच्छिक केली. त्यावरून दोघं ग्रुप सोडून गेले.