कॉम्प्सोपोगॉन: नाव बदलण्याआधी छेद घ्या

गोड्या पाण्यातलं तांबडं शैवाल तांबडं असेलच असं नाही. कॉम्प्सोपोगॉन तर निळसर-हिरवं दिसतं. तेव्हा सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर किंवा उजनीच्या कालव्यावर शोधायला निघालात तर रंगावर विसंबू नका. दगडांना, पाणवनस्पतींच्या देठांना चिकटलेले फांद्याळ झुबके बुडख्यासकट खरवडून घ्या. कोवळे आणि जून, दोन्ही हवेत.

झुबका स्वच्छ धुऊन तीन वाटे करा. एक चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये, एक हर्बेरियमच्या कागदावर दाबून, एक सिलिका जेलमध्ये वाळवून. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून डीएनए धड मिळत नाही, म्हणून तिसरा वाटा टाळू नका. ठिकाण आणि तारीख तिथेच लिहा.

ताज्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाका. हिरव्या शैवालातला स्टार्च निळा-काळा होतो, तांबड्यातला तपकिरी-लालसर. क्लॅडोफोरासारखं फांद्याळ हिरवं शैवाल इथेच बाद होतं.

आता मुख्य काम. तुकडा गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने आडवे छेद घ्या: शेंड्याला, मध्यावर, बुडाशी. शेंड्याला पेशींची एकेरी रांग असते, म्हणून छेदात एकच पेशी दिसेल, खाली मधल्या मोठ्या पेशीभोवती बारक्या पेशींची साल. ती साल कशी तयार होते, हे कोवळ्या भागातच कळतं. जून भागात सगळं सारखंच दिसतं. मधल्या पेशी विभागून साल होते, की त्यांतून मुळांसारखे धागे फुटून खाली उतरतात? या धाग्यांच्या आधारावरच व्ही. कृष्णमूर्ती यांनी १९६२ मध्ये कॉम्प्सोपोगॉनॉप्सिस ही नवी प्रजाती मांडली आणि माँतान्य यांनी कॉम्प्सोपोगॉनमध्ये वर्णिलेली लेप्टोक्लाडॉस ही जाती तिच्यात हलवली.

तुम्हालाही जाती हलवायची असेल, तर आधी तिचा टाइप नमुना, म्हणजे ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, पाहा. जातीचं नाव तेच ठेवा, पहिल्या लेखकाचं नाव कंसात आणि तुमचं कंसाबाहेर लिहा, मूळ प्रकाशनाचं वर्ष आणि पान द्या. जाती अगदी नवीच असेल तर वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं. १ जानेवारी २०१२ पासून हे दोन्ही चालतात.

पण थांबा. २०१३ मध्ये अनेक देशांतल्या नमुन्यांचे जनुकक्रम ताडून पाहिले, तेव्हा सालीवरून केलेला हा भेद टिकला नाही. कॉम्प्सोपोगॉनॉप्सिससकट सगळं कॉम्प्सोपोगॉन सेरुलियस या एकाच जातीत गेलं. म्हणून निव्वळ सालीवरून नवं नाव देऊ नका. जनुकक्रम हाती येईपर्यंत चिठ्ठीवर कॉम्प्सोपोगॉन सेरुलियस लिहा आणि नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाला विचारून तिथे जमा करा.