समुपदेशकाकडे जावे काय? : एका कौटुंबिक निर्णयाविषयी



वार्षिक अहवाल म्हणजे खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा हिशेब. परंतु नातेवाइकांकडून आम्हाला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न या आकड्यांत उमटत नाही. तो असा : घरातील माणूस खचला आहे, त्याला समुपदेशकाकडे न्यावे काय? आम्ही प्रशासनाचे काम पाहणारे आहोत, वैद्यक नव्हे. तथापि हा निर्णय कसा घ्यावा, यासंबंधी उपलब्ध असलेली माहिती येथे एकत्र मांडीत आहोत.

बहुधा हा प्रश्न उशिरा विचारला जातो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग दुखते, म्हणून आधी रक्ततपासणी, ई.सी.जी., सोनोग्राफी होते. ही तपासणी आवश्यकच आहे. थायरॉईडचा विकार किंवा रक्तक्षय यांमुळेही माणूस गळून जातो. मात्र सर्व अहवाल निर्दोष आले की "काही झालेले नाही" असे म्हणून फाईल मिटविली जाते. वस्तुतः त्या अहवालांचा अर्थ एवढाच की, तपासलेल्या अवयवांत दोष आढळला नाही. माणसाचा त्रास तसाच उरतो.

कारण आणि उपचार

आमच्या जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. २००७ च्या अखेरीस त्या परिसरात २४० ग्रामस्थ आणि ६० आरोग्य कार्यकर्त्या यांची मानसिक आजारांविषयीची समजूत अभ्यासण्यात आली. भूतबाधा किंवा दैवी कोप हे कारण फारसे कोणी मानले नाही. बहुतेकांचा कल सामाजिक व आर्थिक अडचणींकडे होता. आमचा ग्रामीण समाज अज्ञानी आहे, हा समज त्यामुळे दूर व्हावा.

आमच्या मते खरी अडचण पुढे आहे. कारण ठाऊक असते, म्हणूनच उपचार निरर्थक वाटतो. पाऊस गेला, कांद्याचा भाव पडला, मुलीचे लग्न मोडले. माणूस खचणारच, तेथे समुपदेशक काय करणार, असे म्हटले जाते. परंतु खराब रस्त्यामुळे पडून हाड मोडले, तर रस्ता दुरुस्त होईपर्यंत आपण प्लास्टर घालावयाचे थांबत नाही. दुःखाला सबळ कारण आहे, एवढ्यावरून मदतीची गरज नाही असे ठरत नाही.

याचा पडताळा गोव्यात आला. 'संगाथ' या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. समुपदेशन करणारे मानसोपचाराचे पदवीधर नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले व देखरेखीखाली काम करणारे स्थानिक लोक होते. सुटलेली कामे, गाठीभेटी, फिरणे हे हळूहळू पुन्हा सुरू करविणे आणि अडचणींची एकेक उकल करणे, ही त्यांची पद्धत होती. रुग्णाची परिस्थिती बदलणे त्यांच्या हाती नव्हते. तिला तोंड देण्याचे बळ परत आणणे हे त्यांचे काम होते.

निर्णय कसा घ्यावा

"वेड लागले आहे काय?" हा प्रश्न विचारू नये. त्याऐवजी पुढील गोष्टी पाहाव्यात. उदासी, भीती किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकून आहे काय? झोप, जेवण, शेती, नोकरी, अभ्यास किंवा घरकाम यांत त्यामुळे खंड पडला आहे काय? घरच्यांनी समजूत घालूनही फरक पडलेला नाही काय? उत्तरे होकारार्थी असल्यास एकदा भेटून यावे.

दोन प्रसंगी मात्र विचार करीत बसू नये. कानात आवाज येणे, भलताच संशय, अनेक रात्री झोपेविना काढणे, अशी लक्षणे असतील तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. औषधे ते लिहून देऊ शकतात. आणि जगणे नकोसे झाल्याचा शब्द निघाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, माणसाला एकटे सोडू नये व फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

समुपदेशन सुरू करणे म्हणजे जन्माचे बंधन नव्हे. चार भेटींचा संकल्प करावा, नंतर फरक तपासावा. व्यक्ती जुळली नाही तर दुसरी निवडावी. शिक्षण व अनुभव विचारण्यात अनमान करू नये. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत तसे सांगावे, म्हणजे पुढील भेटी दूरध्वनीवर होऊ शकतील काय, हे ठरविता येते.

बोभाटा होईल, सोयरीक मोडेल, ही भीती आम्ही जाणतो. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराविषयी गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे. खर्चाची किंवा अंतराची अडचण असल्यास शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र व मराठीतून बोलता येते.

नातेवाइकांना एक विनंती. रक्तदाब तपासावयाचा आहे, अशी थाप मारून कोणासही समुपदेशकापुढे बसवू नये. "तुमचा त्रास आम्हाला दिसतो, एकदा जाऊन येऊ, मी बाहेर बसतो," एवढे सांगणे पुरते. आणि परतल्यावर आत काय बोलणे झाले, हे खोदून विचारू नये.

देणगीदारांसही एक निवेदन. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम चालला, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागली नाही. गावातच बोलणारी, ऐकणारी माणसे लागली. समुपदेशनात दात्याच्या नावाची पाटी लावता येईल असे यंत्र नसते. दार बंद होणारी एक खोली, दोन खुर्च्या आणि कोणाचा तरी पाऊण तास, एवढेच त्याचे साहित्य. त्या पाऊण तासाचे मोल जमाखर्चात दिसत नाही. तरीही तो खर्च आमच्या अंदाजपत्रकात असावा, असे आम्हास मनापासून वाटते.