आधी चावी काढ

अगं, नव्या गाडीचे पेढे पोचले. आता पस्तीस वर्षं सर्व्हेअर म्हणून आपटलेल्या गाड्यांखाली वाकून बघणाऱ्या काकाचंही थोडं ऐक.

खड्ड्यात गाडी दाणकन आदळली की कडेला घे आणि इंजिन बंद कर. खाली वाकून बघ. ऑइलचा चेंबर फुटला असेल तर रस्त्यावर काळा ओघळ दिसतो. मग 'गॅरेजपर्यंत तर जाईल' असं म्हणायचं नाही. माणगावजवळ एका डॉक्टरांनी लाल दिवा लागलेला असताना गाडी चार किलोमीटर रेटली. इंजिन जाम. विमा कंपनीने चेंबरचे पैसे दिले, इंजिनाचे नाही. ते खड्ड्याने नव्हे, नंतरच्या चालवण्याने गेलं. रिपोर्ट माझाच होता. डॉक्टर अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गाडी हलवण्याआधी, धोका नसेल तर, फोटो काढ. खड्डा, चाक आणि नंबरप्लेट एकाच फोटोत, मागे दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड. खड्ड्यात चप्पल ठेव, खोली कळते. एरवी वर्षभर न बुजणारा खड्डा दावा केला की रातोरात बुजतो, हा माझा अनुभव. कंपनीला त्याच दिवशी कळव आणि सर्व्हे होईपर्यंत मेकॅनिकला पान्हा लावू देऊ नकोस.

आणि खरं सांग. 'म्हैस आडवी आली' हे मी इतक्यांदा ऐकलंय, की तेवढ्या म्हशी असत्या तर दूध फुकट मिळालं असतं. खड्डा हा अपघातच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असेल तर तो चालतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर मात्र गाडीचा रुपयाही मिळत नाही. एकटा टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही नाही. सोबत गाडीलाही मार लागला असेल तर टायरची निम्मी किंमत. नुसती रिम वाकली तर खिशातून सरळ करून घे. त्यासाठी दावा केलास तर नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षाला २० टक्के आणि वाढत ५० पर्यंत जातो.

माणसाला लागलं तर गाडी विसर, आधी दवाखाना. केसपेपरवर 'रस्त्यातल्या खड्ड्यामुळे अपघात' आणि जागा लिहिलीय ना, वाचून बघ. घाईत 'पडले' एवढंच लिहितात आणि पुढे तोच कागद आडवा येतो. पोलिसांत नोंद कर. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो, तोही लायसन्स चालू असेल तर. प्लास्टरचा खर्च मेडिक्लेममधून.

पालिकेलाही सोडू नकोस. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे. त्यासाठी समिती आहे. महापालिका असेल तर आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यात असतात. अर्ज दे, सोबत फोटो, पोलिसांचा कागद, केसपेपर. मागितल्याशिवाय मूळ पावत्या सोडायच्या नाहीत, झेरॉक्स जोडायच्या. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, साहेब जेवायला गेले असले तरी.