कार्डावरचा आकडा आणि पळीतलं तेल

“डॉक्टर, चौदाशेच्या वर मी जातच नाही. हे बघा.” समोर बसलेल्या बाईंनी मोबाइल पुढे केला. दोन महिन्यांचा हिशोब, तारीखवार. आठवड्यातले चार दिवस दुपारचं जेवण ऑफिसजवळच्या साखळी रेस्टॉरंटमधलं आणि त्याचे कॅलरींचे आकडे अगदी एककापर्यंत उतरवलेले. वजन मात्र जागचं हललं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांना संशय होता तो रात्रीच्या घरच्या भाकरीवर. हॉटेलचा आकडा छापलेला, तो चुकेल कसा?

हा आकडा कार्डावर आला कुठून, ते आधी सांगतो. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा तसा नियम आहे. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा दहा-त्याहून जास्त ठिकाणी शाखा आहेत, अशा रेस्टॉरंटांना १ जुलै २०२२पासून पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला हा नियम लागत नाही. त्याच्या तर्रीचा अंदाज तुमचा तुम्हीच करायचा.

नियम चांगलाच आहे. पण तो आकडा असतो ठरलेल्या पाककृतीचा, तुमच्या पुढ्यातल्या ताटलीचा नव्हे. कृतीत दोन चमचे तेल लिहिलेलं असतं. भर दुपारी गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना आचारी चमचा शोधत बसत नाही, पळीने ओततो. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पिठाच्या किंवा साखरेच्या ग्रॅममध्ये ४. त्यामुळे भात मूठभर जास्त पडला तर जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक तेलाच्या एका मोठ्या चमच्याने पडतो. तो एक चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. नानवर फिरवलेलं दहा ग्रॅम लोणी म्हणजे सत्तरच्या वर. आणि हे दोन्ही डोळ्यांना दिसत नाही, जिभेला फक्त ‘आज भाजी छान झालीये’ एवढंच कळतं.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगतो. त्यांनी ४२ रेस्टॉरंटांमधून २६९ पदार्थ आणले आणि प्रयोगशाळेत त्यांची ऊर्जा मोजली. सगळ्यांची सरासरी काढली तर छापील आकडे जवळजवळ बरोबर निघाले. पण १९ टक्के पदार्थांत लिहिल्यापेक्षा किमान १०० कॅलरी जास्त होत्या. शिवाय, ज्या पदार्थांपुढे कमी कॅलरी लिहिल्या होत्या, त्यांतच प्रत्यक्षात जास्त निघण्याचा कल होता. डाएटवरचा माणूस कार्डावर बोट ठेवतो ते नेमकं त्याच पदार्थांवर! पिझ्झा खाणाऱ्याची चूक सरासरीत फिटून जाते, सॅलड खाणाऱ्याची साचत जाते.

आमच्या या बाईंचंही तेच. रोज सॅलड, नाहीतर सूप आणि ग्रिल केलेलं पनीर. सॅलडबरोबर वाटीत वेगळं येणारं ड्रेसिंग त्यांच्या हिशोबात कुठेच नव्हतं. “ते मी मागवलेलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. खरं होतं. पण संपवलं होतं.

इथे नियमाचीही एक फट लक्षात घ्या. टेबलावर फुकट ठेवलेले सॉस-चटण्या आणि तुमच्या सांगण्यावरून बदलून केलेला पदार्थ, यांचा आकडा द्यायचं बंधन नाही. म्हणजे ‘जरा चीज जास्त घाला’ म्हटलं की कार्डाचा आणि तुमचा संबंध संपला. आणखी एक पाहायचं ते म्हणजे आकडा कितीचा आहे. अख्ख्या पदार्थाचा की एका सर्व्हिंगचा? दोघांचा पदार्थ एकट्याने खाल्लात तर आकडाही दुप्पट.

मग आकडे वाचूच नयेत का? जरूर वाचा, पण निवड करण्यापुरते. एकाच कार्डावर एक पदार्थ ३५० आणि दुसरा ८०० असेल तर पहिला बहुधा हलकाच असतो. ३५० आणि ३९०मध्ये मात्र घोळ घालू नका, आवडेल तो खा. वहीत लिहिताना बाहेरच्या जेवणाला मी सरसकट १०० कॅलरी वाढवून लिहायला सांगतो. हे काही शास्त्र नव्हे, माझा आडाखा आहे. खरा निवाडा वजनकाट्याचा, आणि तोही तीन-चार आठवड्यांच्या सरासरीचा, सोमवारच्या सकाळचा नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी या आकड्यावरून डोस मुळीच ठरवू नये. कॅलरीवरून त्या पदार्थात पिष्ट किती हे कळत नाही. तळलेलं पनीर आणि गुलाबजाम यांच्या कॅलरी सारख्या निघू शकतात, रक्तातली साखर सारखी चढत नाही. रक्तदाब असलेल्यांनाही तेच. तीनशे कॅलरींच्या सूपमध्ये मीठ किती, ते हा आकडा सांगत नाही.

आणि घरातली एखादी मुलगी किंवा मुलगा आकडा छापलेला नसेल तिथे जेवायलाच नकार देत असेल, लग्नाच्या पंगतीतून उठत असेल, तर कौतुक करू नका. तिला घेऊन या.