चिठ्ठीशिवाय खडा घेऊ नकोस

अगं, तू पाठवलेला फोटो पाहिला. निळसर, सहा बाजूंचा, बोटभर लांबीचा स्फटिक आणि त्याच्या बुडाशी पांढऱ्या फेल्डस्पारचा तुकडा. देखणा आहे, नाही कशाला म्हणू! पण खाली तू एवढंच लिहिलंस, 'अ‍ॅक्वामरीन आहे, थोडा महाग वाटतो, घेऊ का?' तो आला कुठून, ते लिहिलंच नाहीस. दुकानदार 'पहाडातला माल आहे' म्हणाला म्हणे. हे काय उत्तर झालं? पाकिस्तानातल्या शिगर खोऱ्यातला की नामिबियातल्या एरोंगो डोंगरातला, की आपल्याच तमिळनाडूतला? ते कळेपर्यंत पाकीट उघडू नकोस. नोकरीचे पहिले-वहिले पैसे आहेत, म्हणून हक्कानं सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. तुला अंगठी करायची आहे की संग्रह? सराफाकडे खड्याचा भाव रंगावर, पैलूंवर आणि वजनावर ठरतो. रत्ती-कॅरेटचा हिशेब झाला की तिथलं काम संपतं. संग्रहात बघायचं ते वेगळंच. स्फटिकाच्या बाजू निसर्गाने घडवल्या तशाच आहेत का? टोक शाबूत आहे का, की तुटलेलं घासून गुळगुळीत केलंय? तो मूळ खडकावर बसलेला आहे का? सराफ ज्या पाचूला 'दूधिया आहे, भेगाळलाय' म्हणून बाजूला सारेल, तोच अभ्रकाच्या काळ्या शिस्ट खडकामध्ये रुतलेला असेल तर संग्राहक दोन्ही हातांनी उचलतो. आणि चांगला अखंड स्फटिक कुणी 'पैलू पाडून देतो' म्हणालं तर त्याच्याकडे परत जाऊ नकोस, माझं ऐक.

बेरिल म्हणजे बेरिलियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका यांचं खनिज. शुद्ध असलं तर बिनरंगी, त्याला गोशेनाइट म्हणतात. लोहामुळे निळं झालं की अ‍ॅक्वामरीन, पिवळं झालं की हेलिओडोर. मँगनीजमुळे गुलाबी होतं ते मॉर्गनाइट. ते नाव जॉर्ज कुंझ या रत्नतज्ज्ञाने जे. पी. मॉर्गन या अमेरिकी धनिकावरून ठेवलं. आणि क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे हिरवंगार झालं की पाचू. सगळी एकाच घरची भावंडं.

बेरिलियमचा अणू फार लहान, क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या चौकटीत तो सहसा मावत नाही. ग्रॅनाइटचा रस थंड होत जातो तसतशी बाकीची मंडळी पहिल्या-दुसऱ्या पंगतीला बसून घेतात, आणि बेरिलियम, लिथियम, बोरॉन असले पाहुणे शेवटच्या पंगतीसाठी थांबलेले असतात. त्या शेवटच्या, पाण्याने भरलेल्या रसातून पेग्माटाइट नावाचा जाड कणांचा खडक होतो, आणि तिथे बेरिलला वाढायला मोकळी जागा मिळते. किती वाढावं? मादागास्करमधल्या मालाकिआलिना इथल्या एका बेरिल स्फटिकाची लांबी 18 मीटर नोंदली आहे! पाचूचं मात्र त्रांगडं आहे. बेरिलियम ग्रॅनाइटकडून यावं लागतं आणि क्रोमियम अगदी वेगळ्या, गडद खडकाकडून. दोघांची गाठ क्वचितच पडते. म्हणून निळा बेरिल हातभर मिळतो, आणि पाचू मात्र नखाएवढा, तोही भेगांचा.

आता तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. 'ताई, आपल्याकडे वरोऱ्यात सापडेल का?' बाई गं, आपला चंद्रपूर जिल्हा कोळशाचा, चुनखडीचा. डोंगरगावचं फ्लोराइट आहे, गडचिरोलीकडे सुरजागडचं लोखंड आहे, आणि वैरागडच्या हिऱ्यांची कीर्ती तर 'ऐन-ए-अकबरी'त पोचली होती. पण बेरिलसाठी आपल्याला कुणी ओळखत नाही. बेरिलचं हिंदुस्थानातलं जुनं नाव आहे तमिळनाडूतल्या कांगेयमजवळच्या पडियूरचं. रोमचे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडून अ‍ॅक्वामरीन नेत होते. पाचू सापडला राजस्थानात राजसमंदजवळ, 1940च्या दशकात, आणि जयपूर आजही पाचू घासण्याचं जगातलं मोठं ठिकाण आहे. बाकी बरंच बेरिल दिसायला ओबडधोबड, पण सरकारला मोलाचं, कारण बेरिलियम अणुभट्टीत लागतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियमचा कारखाना आपल्याच राज्यात, वाशीला आहे. 2023मध्ये खाण कायदा बदलेपर्यंत बेरिल अणुखनिजांच्या यादीत होतं. त्या दुरुस्तीने ते लिथियमबरोबर बाहेर काढलं आणि महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टाकलं.

फसवणुकीचं सांगायलाच हवं. प्लिनी नावाचा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहून गेला आहे की हिंदुस्थानातले लोक स्फटिकाला रंग देऊन खोटे बेरिल बनवतात. तेव्हा ही कला आपल्याकडे जुनी आहे, तिला कमी लेखू नकोस! आज गारगोटी तापवून, तडकवून, भेगांत हिरवा रंग मुरवतात आणि पाचू म्हणून विकतात. फिकट बेरिलला हिरवं तेल पाजतात. खरा स्फटिक भलत्याच खडकावर डिंकाने चिकटवतात. ही शेवटची लबाडी संग्राहकांना सगळ्यात जास्त भोवते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, फार खर्चाचं नाही. स्फटिक खडकात शिरतो ती कड नीट न्याहाळ. तिथे चकचकीत थेंब, बुडबुडे किंवा दगडाचा चुरा लिंपलेला दिसला तर नग खाली ठेव. नोटा तपासायचा जांभळा दिवा धर, पुष्कळदा डिंक त्यात पांढरा-निळा चमकतो. हिरव्या फ्लोराइटलाही 'कच्चा पाचू' म्हणतात बरं का. फ्लोराइटचे स्फटिक पुष्कळदा चौकोनी घनासारखे असतात, बेरिल सहा बाजूंचा खांब. एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. चाकूने ओरखडे काढून बघायची गरज नाही, आणि दुसऱ्याच्या मालावर तर अजिबात नाही.

अगदी गडद, शाईसारखा निळा बेरिल कुणी दाखवला तर माशीशी (Maxixe) जातीचा असू शकतो. त्याचा रंग उन्हात उडतो. घेतल्यावर दोन उन्हाळे गेले की हातात फिकट काडी उरेल.

घरी आणलास की पाचू गरम पाण्यात किंवा दागिने धुण्याच्या यंत्रात घालू नकोस, भेगांतलं तेल निघून जाईल आणि दगड पांढुरका पडेल. आणि बेरिल घरी घासू-कापू नकोस, कितीही हौस आली तरी. अखंड स्फटिक हाताळायला काहीच हरकत नाही, पण त्याची धूळ श्वासात जाणं वाईट, बेरिलियम फुप्फुसाला सोसत नाही. हे मी दटावून सांगते आहे असं समज.

आता माझं खरं मत. तू बेरिलपासून सुरुवात करू नयेस. रागावू नकोस, ऐक. जगभरचे संग्राहक ज्यासाठी महाराष्ट्राकडे बघतात ते तुझ्या पायाखाली आहे: दख्खनच्या काळ्या पाषाणातले झिओलाइट आणि त्यांच्यासोबतचं अपोफिलाइट. लाव्हा थंड झाला तेव्हा त्यात वायूचे फुगे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत गरम पाण्यातून स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, अहिल्यानगर इथल्या गिट्टीच्या खदानींतून, विहिरींच्या खोदकामातून ते निघतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं हिरवं अपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंभोर कॅव्हान्साइट अमेरिकेत टक्सनला फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात मानाने मांडलं जातं. कॅव्हान्साइट प्रथम ओळखलं गेलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगातले सर्वांत सुंदर नमुने वाघोलीचे. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, ते बघ. तिथे एक दिवस घालवलास की तुझी नजर कायमची बदलेल. चंद्रपुरातला सुरेश चोपणे यांचा खडक आणि जीवाश्मांचा संग्रहही बघून ये. अ‍ॅक्वामरीनच्या पैशात स्टिल्बाइट (हेही एक झिओलाइटच) आणि अपोफिलाइटचे चार सुरेख नग येतील, आणि डोळा तयार होईल. मग बेरिल घे, खुशाल घे.

जपायचं कसं? या खनिजांत पाणी असतं आणि ती बेरिलएवढी कणखर नाहीत. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन खिडकीतून थेट त्यांच्यावर पडू देऊ नकोस. याच पाषाणातल्या ओकेनाइट खनिजाच्या कापसासारख्या गोळ्याला तर बोटही लावू नकोस, एकदा दबला की दबला. आणि इथली कोळशाची धूळ तुला माहीत आहेच, तेव्हा काचेचं कपाट हवंच.

आता मथळ्यातल्या त्या चिठ्ठीबद्दल, म्हणजे खडा कुठला ते सांगणाऱ्या कागदाबद्दल. आपल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा गाव तुला ठाऊक आहे. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, तिथले जीवाश्म जगभर अभ्यासले जातात. 2005मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म अंश दाखवले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, हे त्यातून सिद्ध झालं. आता कल्पना कर, तेच गोळे कुणी पिशवीत भरून 'विदर्भातला दगड' एवढंच लिहून ठेवले असते तर? आज कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तुझ्या निळ्या खड्याचंही तसंच आहे. गाव, तालुका, खाण, वर्ष, कुणाकडून घेतला, किती दिले, एवढं कागदावर नसेल तर दहा वर्षांनी त्याला कोणीही जाणकार विचारणार नाही. जुनी चिठ्ठी सोबत आली असेल, कितीही मळकी असली तरी, फेकू नकोस. आपली नवी लिही आणि जुनी तिच्यामागे ठेव. नगाला मागे छोटा क्रमांक चिकटव आणि तोच वहीत लिही.

आणखी एक. सुट्टीत आलीस की ताडोब्यात किंवा सिरोंचाकडे वडधमला फिरायला जाशील, तेव्हा वाटेतला दगड पिशवीत टाकू नकोस. राखीव जंगलातला दगडसुद्धा कायद्याने वनोपज असतो आणि तो उचलणं गुन्हा आहे. वडधमचे जीवाश्म तर मुळीच उचलायचे नाहीत. खदानीतही मालकाला विचारून जा, सुरुंगाची वेळ विचारून जा, आणि तिथले मजूर जे काढून देतात त्याचा भाव पाडू नकोस. पोकळी दिसली की पहार बाजूला ठेवून हाताने स्फटिक काढणारी तीच माणसं.

तेव्हा उद्या त्या दुकानदाराकडे जा आणि ठिकाण लिहून माग. सही-शिक्क्यासह दिलं, आणि भिंगातून कड स्वच्छ दिसली, तर भाव थोडा जास्त असला तरी घे. टाळाटाळ केली तर नमस्कार करून बाहेर पड.