*जुन्या पाझर तलावाचा बांध: पाऊस लागायच्या आत एक फेरी मारा*

1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर बांधलेले पाझर तलाव आता पन्नाशीला आलेत. आपल्या विहिरी, गावची नळयोजना त्यांच्याच जिवावर चालते. पण बांधाकडे शेवटचं कधी बघितलं, आठवतंय का?

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. तेही मातीचंच होतं.

सगळ्यात आधी बांधाच्या मागच्या, म्हणजे कोरड्या बाजूच्या पायथ्याला जा. थोडा पाझर असतोच, त्याला घाबरू नका. *पाणी नितळ आहे की गढूळ, ते बघा.* काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाला माती बसली तर बांध आतून पोखरतोय, त्याच दिवशी कळवा. पाणी नितळ असेल तर बादली किती सेकंदात भरते ते वहीत लिहा, तलावाची पातळीही लिहा. पातळी तेवढीच आणि बादली मात्र लवकर भरायला लागली, तर पाझर वाढतोय.

गढूळ पाणी येतंय म्हणून बाहेरून चिखलाचा बोळा मारू नका. पाणी दुसरीकडून वाट काढतं. साहेब लोक येईपर्यंत त्या जागी आधी जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड टाका. पाणी निघू द्या, माती अडवा. बांध खचत असेल तर मात्र जवळ जाऊ नका, खालच्या वस्तीला आधी उठवा.

सांडव्यात पोती रचून पाणी वाढवायचा मोह होतो. दोन पाणी जास्त मिळतील म्हणून हे करणारे आपल्यातच आहेत! पाणी बांधावरून गेलं की मातीचा बांध टिकत नाही. सांडवा मोकळाच हवा.

बाभळीची रोपटी लहान असतानाच काढा. मोठं झाड स्वतः उपटू नका, मुळं कुजली की पोकळी राहते. घुशी-खेकड्यांची बिळं खोदून, ओलसर माती थराथराने ठोकून भरा.

गाळ नेणाऱ्यांनी बांधाच्या पायथ्यालगत जेसीबी लावू नये. तिथला गाळ पाणी अडवतो.

तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. तातडीला जिल्हा आपत्ती कक्ष: 1077. बांधाचे फोटो तलावाच्या नावासह रविवारपर्यंत ग्रुपवर टाका, ग्रामपंचायतीला एकत्र अर्ज देऊ.